वासुदेव गायतोंडे यांची चित्रशाळा : भाड्याची खोली, रोलर आणि तैलरंगांचा वेळ

प्रस्तावना

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासलेखनात चित्रकाराचे चरित्र, त्याची शैली, त्याच्यावरील प्रभाव व त्याची प्रदर्शने यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे तो ज्या खोलीत उभा राहून काम करीत होता त्या खोलीला मिळालेले नाही. चित्र संग्रहालयात जाते, त्याची नोंद होते, त्याचे छायाचित्र ग्रंथात छापले जाते. खोली मात्र घरमालकाकडे परत जाते. वास्तविक पाहता तैलचित्र ही वस्तू एका विशिष्ट जागेत, विशिष्ट प्रकाशात, विशिष्ट साधनांनी व पुष्कळदा अनेक आठवड्यांच्या प्रतीक्षेतून तयार होते. त्या जागेचा आणि साधनांचा विचार न करता चित्राविषयी केलेली विधाने अनेकदा अधांतरी राहतात.

वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. दिल्लीच्या निजामुद्दीन पूर्व भागातील एका भाड्याच्या बरसातीत त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. तेच त्यांचे घर आणि तीच त्यांची चित्रशाळा होती. या खोलीचा उल्लेख त्यांच्यावरील बहुतेक लेखनात येतो. परंतु तो येतो तो त्यांच्या विरक्तीचे प्रमाण म्हणून. मोजके सामान, मोजके स्नेही, मितभाषी स्वभाव, झेन विचाराची ओढ, निसर्गदत्त महाराजांसारख्या सत्पुरुषांविषयीचा आदर या साऱ्यांच्या मालिकेत ती खोली बसवली जाते आणि चित्रकाराचा ‘ऋषी’ होतो. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी आहे असे नाही. तथापि तिच्यामुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : एवढ्या लहान जागेत, एवढ्या मोजक्या साधनांनी, तैलरंगांत काम करणे प्रत्यक्षात कसे घडत होते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

तैलरंगांच्या गरजा

जलरंगाचे चित्र मांडीवर फळी घेऊन करता येते आणि तासाभरात वाळते. तैलरंगांचे तसे नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. पातळ थर हाताला कोरडा लागण्यास काही दिवस लागतात, जाड थर आतून पक्का होण्यास कित्येक महिने. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते, दमट हवेत ती मंदावते. एकावर एक थर देऊन काम करणाऱ्या चित्रकाराला म्हणूनच दोन थरांमध्ये थांबावे लागते. थांबणे म्हणजे ओला कॅनव्हास कोठे तरी सुरक्षित उभा करून ठेवणे. त्याला कोणाचा हात लागता कामा नये, त्यावर धूळ बसता कामा नये, आणि टर्पेंटाईनचा उग्र वास घरातील माणसांनी सहन केला पाहिजे. तैलचित्रकाराला जागा लागते ती केवळ रंगवण्यासाठी नव्हे, तर न रंगवण्याच्या दिवसांसाठीही.

प्रकाशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. युरोपातील चित्रशाळांत उत्तरेकडील खिडकी आवश्यक मानली जाई, कारण त्या दिशेने थेट ऊन येत नाही व दिवसभर प्रकाश बराचसा एकसारखा राहतो. हा नियम आपल्याकडे कलाशिक्षणाबरोबर आला; परंतु तो पॅरिस वा लंडनच्या अक्षांशांवर तयार झालेला नियम आहे याचे भान सहसा ठेवले गेले नाही. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यातील बराच काळ पावसाळी ढगांत जातो, म्हणून गैरसोय लक्षात येत नाही इतकेच. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो, आणि उत्तरेच्या खिडकीचा जुना नियम तेथे अधिक खरा ठरतो. गच्चीवरील खोलीला चहूबाजूंनी मोकळे आकाश असते, हा आणखी एक लाभ. भाडे कमी असलेली ही जागा प्रकाशाच्या दृष्टीने दरिद्री नव्हती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

साधनांचा इतिहासही थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून रिकामी करता येणाऱ्या धातूच्या नळीचे एकस्व घेतले. त्यापूर्वी खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, आणि रंग खलण्यासाठी चित्रशाळेत हाताखाली माणसे लागत. नळी आली आणि तैलचित्रकाराची कार्यशाळा एका पेटीत मावू लागली. नळीमुळे चित्रकार उघड्यावर जाऊन निसर्ग रंगवू लागला, असे कलेच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. त्याच नळीमुळे तो चाळीच्या खोलीतही रंगवू लागला, ही दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. भारतासारख्या देशात, जेथे कार्यशाळेची युरोपीय परंपराच नव्हती, तेथे ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते.

मुंबईतील जागेचा प्रश्न

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथे विद्यार्थ्याला तैलरंग शिकवले जात, मोठे दालन, इझल, समोर बसवलेले व्यक्तिप्रतिरूप हे सारे मिळे. शिक्षण संपताच ते दालन सुटे. संस्थानिकांचा आश्रय लाभलेल्यांची गोष्ट वेगळी. राजा रविवर्मा यांना बडोद्यात पौराणिक चित्रांच्या मोठ्या कामासाठी स्वतंत्र चित्रशाळा मिळाली. प्रवासात बंधू सी. राजराज वर्मा बरोबर असत आणि त्यांच्या दैनंदिनीतून या व्यावसायिक चित्रकारांचा दिनक्रम आज वाचता येतो. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी कलाशाळेतील नोकरी सांभाळून विपुल चित्रनिर्मिती केली. त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) या आत्मकथनाच्या नावातच संस्थेशी असलेले नाते उमटले आहे. ज्याला ना संस्थान, ना नोकरीतले दालन, त्याने राहत्या घरात सोय करावी हा शिरस्ता पडला.

विसाव्या शतकाच्या मध्यावरील मुंबईत ही सोय बिकट होती. मकबूल फिदा हुसेन यांनी ग्रँट रोडजवळील बदरबाग येथील एका खोलीत संसार व चित्रे दोन्ही चालवली. दुसऱ्या बाजूस, युरोपातून आश्रयास आलेले वॉल्टर लँगहॅमर यांचे नेपियन सी रोडवरील निवासस्थान होते. तेथे तरुण चित्रकार जमत, चित्रे पाहत, चर्चा करीत. जागा ही या पिढीच्या कलेतील एक अदृश्य वर्गरेषा होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे; वाढले ते गिरगावच्या चाळीत. चाळीतील खोली म्हणजे साधारणतः दहा फूट रुंद व दहा-बारा फूट लांब. बाहेर सामाईक गॅलरी, दारे दिवसभर उघडी. अशा घरात वडिलांचा विरोध असताना चित्रकलेचा ध्यास घेतलेल्या मुलाला एकांत ही वस्तू किती दुर्मीळ वाटली असेल, याची कल्पना करता येते. १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. या काळातील त्यांचे बरेचसे काम कागदावरचे, लहान आकाराचे, लघुचित्रांच्या व पॉल क्ले यांच्या अभ्यासातून आलेले आहे. शैलीच्या दृष्टीने त्याचे विवेचन पुष्कळ झाले आहे. परंतु कागद आणि लहान आकार हे निवासाच्या परिस्थितीशीही जुळणारे आहेत, ही गोष्ट नोंदवून पुढे जाणे योग्य ठरेल. त्याहून अधिक दावा करण्याइतका आधार नाही.

भुलाभाई इन्स्टिट्यूट : एक रुपयाची चित्रशाळा

वॉर्डन रोडवरील, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावरील, भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट हे मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. भुलाभाई देसाई यांच्या स्नुषा मधुरी देसाई यांनी समुद्रालगतच्या त्या प्रशस्त वास्तूतील खोल्या कलावंतांना नाममात्र भाड्याने दिल्या. दिवसाला एक रुपया हा आकडा त्या काळच्या आठवणींत सर्वत्र येतो. इब्राहिम अल्काझी यांची नाट्यशाळा तेथे होती, रविशंकर यांचे संगीताचे वर्ग तेथे भरत, हुसेन तेथे रंगवीत, पुढे नसरीन मोहमदी तेथे आल्या. नृत्याचे बोल, नाटकाच्या तालमी आणि तैलरंगांचा वास एकाच छपराखाली नांदत होते. आज त्या जागी उंच निवासी इमारत उभी आहे.

गायतोंडे यांना येथे प्रथमच घराबाहेरची, पूर्ण वेळची चित्रशाळा मिळाली. १९५७ च्या सुमारास त्यांचे चित्र आकृतीपासून दूर जाऊ लागले. त्याच वर्षी टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे असे ते म्हणत. भुलाभाईच्या वास्तव्यात ते तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसत, असे समकालीनांच्या आठवणींत येते. या आठवणींचा उपयोग पुष्कळदा त्यांच्या १९६० नंतरच्या चित्रांतील क्षितिजसदृश पट्ट्यांचे स्पष्टीकरण म्हणून केला जातो. समुद्र दिसला म्हणून समुद्र उमटला, हे समीकरण फार सोपे आहे. त्या बसण्याचा दुसरा अर्थ अधिक संभाव्य वाटतो : थर वाळेपर्यंत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि बसण्याइतकी जागा प्रथमच मिळाली होती.

याच काळात त्यांच्या हातात ती साधने आली जी पुढे अखेरपर्यंत टिकली. भिंत रंगवणाऱ्या कारागिराकडे असतो तसा रोलर, पॅलेट नाइफ, आणि कागदाचे फाडलेले वा कापलेले तुकडे. ब्रश मागे पडला. पद्धत साधारण अशी होती. पांढऱ्या किंवा फिक्या पृष्ठभागावर पातळ रंगाचे थर रोलरने पसरायचे. काही ठिकाणी ते ओले असतानाच पात्याने खरवडून काढायचे, म्हणजे खालचा उजेड वर येतो. मग वर्तमानपत्राच्या वा मासिकाच्या कागदाचे तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर दाबायचे व उचलायचे, म्हणजे त्यांच्या कडांचे ठसे मागे राहतात. हे ठसे लिपीसारखे दिसतात, पण ती कोणतीही लिपी नसते. थर, खरवड, ठसा, पुन्हा थर. चित्रातील प्रकाश हा वरून लावलेला पांढरा रंग नसून खालच्या थरातून पाझरणारा प्रकाश असतो, याचे कारण या क्रमात आहे.

या साधनांकडे आर्थिक दृष्टीनेही पाहिले पाहिजे. उत्तम प्रतीचे सेबल वा हॉगचे ब्रश आयात करावे लागत आणि आयातीवर कडक निर्बंध असण्याचा तो काळ होता. रोलर हार्डवेअरच्या दुकानात मिळे, रद्दीचा कागद घरोघर असे. गायतोंडे यांनी काटकसर म्हणून ही निवड केली असे म्हणण्यास पुरावा नाही आणि ते संभवतही नाही. रोलरने मिळणारा सपाट, हाताच्या खुणेपासून मुक्त असा पृष्ठभाग हेच त्यांचे साध्य होते. परंतु ज्या साधनांवर ते स्थिरावले ती साधने कोणत्याही शहरात, कोणत्याही खोलीत मिळू शकणारी होती, ही गोष्ट पुढील इतिहासात निर्णायक ठरली.

तिची पहिली कसोटी न्यूयॉर्कमध्ये लागली. अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्‌ज यांनी १९६३ मध्ये मुंबईत त्यांची चित्रे पाहून न्यूयॉर्कच्या एका कलादालनाकडे त्यांची शिफारस केली. त्याच वर्षी त्यांचे १९६२ मधील एक चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. १९६४ मध्ये तिसरे जॉन डी. रॉकफेलर यांच्या निधीच्या शिष्यवृत्तीवर गायतोंडे स्वतः तेथे गेले. तेथील वास्तव्यात मार्क रॉथको आदींची चित्रे त्यांनी पाहिली, आणि त्यांच्यावरील रॉथकोच्या प्रभावाची चर्चा आजही चालू आहे. या चर्चेत हे विसरले जाते की थर व पारदर्शकता यांवर उभी असलेली त्यांची कार्यपद्धती ते जाण्यापूर्वीच आकाराला आलेली होती. ते परतले ते त्याच साधनांनिशी.

निजामुद्दीन पूर्व

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर, १९७२ मध्ये गायतोंडे यांनी मुंबई सोडली व ते दिल्लीला गेले. भुलाभाईतील पर्व संपले होते. मुंबईतील नातीही बहुतांशी मागे पडली.

निजामुद्दीन पूर्व ही फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेल्या वसाहतींपैकी एक, हुमायूनच्या कबरीला लागून असलेली. अशा वसाहतींतील घरांच्या गच्चीवर एखादी खोली काढलेली असे. पावसाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी आडोशाला जावे म्हणून बांधलेली, म्हणून ती बरसाती. जंगपुरा, डिफेन्स कॉलनी, निजामुद्दीन येथील या बरसाती पुढे कमी भाड्यामुळे लेखक, चित्रकार, पत्रकार, अविवाहित नोकरदार यांचा आसरा झाल्या. दिल्लीच्या स्वातंत्र्योत्तर कलाजीवनाचा इतिहास लिहायचा तर त्यातील एक प्रकरण बरसातीवर लिहावे लागेल.

गच्चीवरील खोलीचे गुण आणि दोष दोन्ही टोकाचे असतात. वर दुसरे घर नसल्यामुळे छप्पर थेट उन्हात तापते. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत भिंती गारठतात. उन्हाळ्यात राजस्थानकडून येणारी आंधी बारीक धूळ दाराखिडक्यांच्या फटींतून आत आणते, आणि ओल्या तैलरंगाला धुळीइतका दुसरा शत्रू नाही. उलट, दिल्लीची कोरडी हवा मुंबईपेक्षा थर लवकर वाळवते. वरच्या मजल्यावर वर्दळ नसते. दार बंद केले की कोणी येत नाही, आणि गायतोंडे दार बंद ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते.

या खोलीत राहणे, वाचणे, पाश्चात्य व हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकणे आणि रंगवणे एकत्र चाले. चित्रांची संख्या थोडी असे. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, असे सामान्यतः सांगितले जाते. हा आकडा विरक्तीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. तो प्रत्यक्ष कामाच्या हिशेबातूनही तपासावा लागतो. प्रत्येक चित्रात अनेक थर, प्रत्येक थरानंतर वाळण्याचा अवधी, आणि एका खोलीत एका वेळी ओले कॅनव्हास किती उभे राहू शकतात याला असलेली मर्यादा. ज्याच्याकडे मोठे दालन आहे तो दहा चित्रे एकाच वेळी चालवतो. एक वाळते तोवर दुसऱ्यावर काम करतो. ज्याच्याकडे एकच खोली आहे, आणि त्या खोलीत त्याला झोपायचेही आहे, त्याला एक-दोन चित्रांबरोबरच राहावे लागते. चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. गायतोंडे यांच्या बाबतीत विचाराचा काळ दीर्घ व प्रत्यक्ष रंगवण्याचा काळ अल्प असे. आणि जागेची मर्यादा या स्वभावाच्या आड येणारी नव्हती.

येथे एका मोहक तर्कापासून सावध राहणे आवश्यक आहे. गायतोंडे यांच्या १९७० व १९८० च्या दशकांतील अनेक कॅनव्हासची उंची पाच फुटांच्या आसपास व रुंदी सव्वातीन-साडेतीन फुटांच्या आतबाहेर आहे. असा कॅनव्हास एका माणसाला दोन्ही हातांनी पेलता येतो, अरुंद जिन्यावरून खाली नेता येतो, आणि रोलर धरलेला हात त्याच्या सर्व कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. यावरून बरसातीच्या अरुंद जागेने चित्रांना उभट आकार दिला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कालक्रम हा निष्कर्ष मोडून काढतो. आडव्या आकाराकडून उभ्या आकाराकडे ते १९६८ च्या सुमारास, म्हणजे दिल्लीस येण्यापूर्वी चार वर्षे, वळले होते. रोलर व कागदाचे ठसे त्याहीपूर्वीचे. बरसातीने त्यांची पद्धत घडवली नाही. मुंबईत घडलेली पद्धत एवढी आटोपशीर होती की ती बरसातीत बसू शकली, असेच म्हणावे लागते. खोलीने चित्रकाराला घडवले की चित्रकाराने आपल्या कामाला पुरेल तेवढीच खोली निवडली, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते.

हाच मुद्दा ‘ऋषी’च्या प्रतिमेकडे पाहण्याची दृष्टी बदलतो. त्याग म्हणजे जे हवे ते सोडणे. गायतोंडे यांच्या चित्रशाळेत जे नव्हते ते त्यांच्या कामाला बहुतांशी नकोच होते. व्यक्तिप्रतिरूप नाही, म्हणून चौथरा नको. वस्तुचित्र नाही, म्हणून वस्तूंचा साठा नको. मदतनीस नाही, म्हणून दुसऱ्या माणसाची जागा नको. उरते ती पाठ टेकण्याइतकी भिंत, कॅनव्हासपासून चार पावले मागे जाण्याइतकी फरशी, आणि बंद होणारे दार. साधेपणा येथे नीती म्हणून नव्हे, तर कामाची गरज म्हणून समजून घेतला तर चित्रकाराचा मान कमी होत नाही. उलट कुशल कारागिराची अचूक निवड म्हणून तो वाढतो.

बोलोन्याची तुलना

इटलीतील बोलोन्या शहरातील जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. विया फोंदाझ्झा या रस्त्यावरील घरात ते तीन अविवाहित बहिणींसह राहत. त्यांची शेज आणि त्यांचे इझल एकाच खोलीत होते. ती खोली सुमारे ९ चौरस मीटरची, म्हणजे आपल्याकडील चाळीच्या खोलीएवढी. तीत जाण्यासाठी बहिणींच्या खोलीतून जावे लागे. बाटल्या, बरण्या, डबे, फुलदाण्या यांचा साठा त्यांनी वर्षानुवर्षे केला. काहींना आतून-बाहेरून रंग दिला, म्हणजे काचेची चकाकी जाईल. अनेकांवर धूळ तशीच राहू दिली. टेबलावर पसरलेल्या कागदावर वस्तूंच्या जागा ते पेन्सिलीने आखून ठेवीत. १९३० ते १९५६ ते तेथील कला अकादमीत कोरीवमुद्रणाचे प्राध्यापक होते. १९५७ मध्ये साओ पाउलो येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले. खोली मात्र तीच राहिली.

दोघांचाही दीर्घकाळ एकाच खोलीत गेला, दोघांच्याही चित्रांत शांतता आहे, दोघेही अविवाहित. साम्य एवढ्यावर थांबते. मोरांदी यांची खोली वस्तूंनी भरलेली होती आणि त्या वस्तूच त्यांचा विषय होत्या. गायतोंडे यांची खोली रिकामी होती व ते रिकामेपण त्यांच्या चित्राला साजेसे होते. मोरांदी यांच्या पाठीशी प्राध्यापकाचे वेतन आणि घर सांभाळणाऱ्या बहिणी होत्या, ही बाब तर शैलीच्या चर्चेत क्वचितच येते. गायतोंडे यांनी जन्मभर पगाराची नोकरी केली नाही आणि घर त्यांचे त्यांनीच पाहिले. घरातील चित्रशाळेचा इतिहास लिहिताना घर कोण चालवीत होते, हा प्रश्न भिंतींच्या मापाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

अपघात आणि त्यानंतर

१९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या एका अपघातात गायतोंडे यांना गंभीर दुखापत झाली व शरीराच्या हालचालींवर कायमची मर्यादा आली. एकट्याने चालणाऱ्या चित्रशाळेचा कमकुवत दुवा येथे उघड झाला. पाच फुटी कॅनव्हास उचलणे, रोलर खांद्याच्या जोराने वरून खाली फिरवणे, पात्याने दाब देऊन खरवडणे ही सारी कामे धडधाकट देहाची आहेत. मदतनिसाची प्रथा असलेल्या चित्रशाळेत असे काम दुसऱ्याच्या हातून करून घेता येते. आजारपणात आंरी मातिस्स यांनी रंगवलेला कागद स्वतः कापला आणि तो भिंतीवर लावण्याचे काम सहायकांकडून करवून घेतले, हे सर्वज्ञात आहे. गायतोंडे यांच्या पद्धतीत दुसऱ्या हाताला जागाच नव्हती.

पुढील काही वर्षे त्यांनी मोठे कॅनव्हास केले नाहीत. कागदावर शाईने केलेली लहान रेखने या काळातील आहेत. ती मांडीवर वा टेबलावर होऊ शकतात. चाळीतील तरुणपणी ज्या कागदापासून सुरुवात झाली, त्याच कागदाकडे देहाच्या मर्यादेने त्यांना परत आणले. १९९१ मध्ये प्रीतीश नंदी यांना दिलेल्या मुलाखतीत, आपण आजही चित्रे करतो पण ती मनात करतो, प्रत्यक्ष उतरवण्यास शक्ती पुरत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्‌गार आहेत. हे उद्‌गार आध्यात्मिक विधान म्हणून वारंवार उद्‌धृत होतात. सत्तरीकडे झुकलेल्या, जखमी, गच्चीवरच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या माणसाचे ते साधे वस्तुस्थितीदर्शक विधानही आहे. तसे ऐकले तर ते अधिक जिव्हारी लागते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले व १९९० च्या दशकात काही वर्षे काम करीत राहिले. सुनील काळदाते यांच्या १९९५ च्या लघुपटामुळे या काळातील गायतोंडे पडद्यावर पाहता येतात. वर वर्णिलेल्या कार्यपद्धतीच्या अभ्यासकाने ज्ञानेश्वर नाडकर्णी यांच्या १९८३ मधील ललित कला अकादमीच्या पुस्तिकेबरोबर हा लघुपटही आवर्जून पाहावा.

मागे काय उरले

१० ऑगस्ट २००१ रोजी गायतोंडे यांचे निधन झाले. २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचे १९७९ मधील एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनाच्या शीर्षकात ‘प्रक्रिया’ हा शब्द होता, हे विशेष. १९७९ मध्ये ते चित्र निजामुद्दीनमध्ये वास्तव्य असलेल्या चित्रकाराच्या हातून उतरले होते, आणि त्याच्या किमतीचा त्या खोलीच्या भाड्याशी संबंध जोडणे आता हास्यास्पद ठरेल.

मोरांदी यांचे विया फोंदाझ्झावरील घर २००९ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. बाटल्या, टेबले, इझल तेथे पाहता येतात. अभ्यासकाला खोलीचे माप घेता येते, खिडकीतून येणारा प्रकाश दिवसाच्या कोणत्या वेळी कोठे पडतो हे तपासता येते. केरळात किळिमानूर येथे रविवर्मा यांची चित्रशाळा जपलेली आहे. भाड्याच्या खोलीचे असे जतन होत नाही, कारण तिच्यावर चित्रकाराचा हक्क भाडे भरेपर्यंतच असतो. भुलाभाईची वास्तू पडली. गिरगावच्या चाळी एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. ज्या तीन जागांत गायतोंडे यांचे काम घडले, त्यांपैकी एकीचेही कामाचे ठिकाण म्हणून जतन झालेले नाही.

कलेतिहासाच्या अध्यापनात, निदान महाराष्ट्रातील महाविद्यालयांत, या दिशेने थोडे काम अजून शक्य आहे. गेल्या पिढीतील अनेक तैलचित्रकारांनी कोल्हापूर, सांगली, पुणे, नागपूर, मडगाव येथे राहत्या घरातील माडीवर वा पडवीत काम केले. त्यांपैकी काही घरे अजून उभी आहेत, काही ठिकाणी इझल माळ्यावर पडलेले आहे, रंगांनी माखलेली फरशी अजून तशीच आहे. चित्रे संग्राहकांनी नेली. या घरांचे माप, खिडक्यांच्या दिशा, साधनांची यादी आणि घरातील वृद्धांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी नोंदवून घेण्यास फार खर्च लागत नाही. घर पाडण्याची नोटीस लागण्यापूर्वी एक दुपार पुरेशी असते.